पालखीच्या आठवड्यात पुण्याला परत

गुरुवार, १९ जून

सिंहगड एक्सप्रेस दुपारी पावणेतीनच्या सुमाराला दादरला येते. वसई रोडहून लोकलनं दादर, जिना चढून मध्य रेल्वेच्या फलाटावर आणि तिथून थेट पुणे. कॅथलिक धर्मगुरू म्हणून पुणे धर्मप्रांतात आल्यापासून हा रस्ता माझ्या सवयीचा आहे. या वेळी भाऊ दादरपर्यंत सोडायला आला आणि त्यानं बॅगेला मला हात लावू दिला नाही. बॅगेत वहिनीनं आगाशीच्या सुकेळ्यांची पुडकी ठेवली होती. एक माझ्यासाठी आणि एक, तिच्या शब्दांत, "ज्यांनी तिकडं तुमचं काम केलं त्या फादरांसाठी."

फेब्रुवारीच्या अखेरीस माझी थायरॉइडची गाठ काढली. ती स्वरयंत्राकडे जाणाऱ्या नसेला चिकटून होती. गाठ साधी निघाली, देवाची कृपा, पण नस दुखावली आणि डावा स्वरतंतू हलेनासा झाला. बोलायला गेलं की शब्दांबरोबर नुसता वाराच बाहेर पडायचा, पाणी पिताना ठसका लागायचा. नस सावरायला महिने लागतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. धर्मप्रांतानं रजा दिली, माझ्या धर्मग्रामाचा, म्हणजे पॅरिशचा, कारभार एका तरुण फादरांकडे सोपवला आणि मी वसईला भावाच्या घरी आलो. राखेचा बुधवार, उपवासकाळ, ईस्टर, सगळं तिथंच झालं. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, २१ एप्रिलला, पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी ओटीवर बसून पाहिली. लोकांचे फोन येत होते आणि मी फोन वहिनीच्या हाती देत होतो. रोजची मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस अर्पण करायची उपासना, घरच्या टेबलावर, कुजबुजत, भाऊ-वहिनीच्या साथीनं अर्पण करायचो. देवाला माझा आवाज चढा लागत नाही, याबद्दल मला कधी शंका नव्हती. लोकांना तो लागतो, आणि मला लोकांकडे परतायचं होतं.

डब्यात वारकरी बरेच होते. तुकोबांची पालखी कालच देहूहून निघालेली, ज्ञानोबांची आज आळंदीहून निघणार, उद्या दोन्ही पुण्यात. समोरच्या बाकावरच्या आजोबांनी विचारलं, "माउली, कुठं उतरणार?" गाडीच्या खडखडाटात माझं उत्तर त्यांना पोचलं नाही. स्पीच थेरपिस्टनं मला बजावलंय की गोंगाटात बोलायचं नाही. तिथं माणूस नकळत आवाज चढवतो आणि स्वरतंतूंवर ताण येतो. मी वही काढून लिहिलं, 'पुणे. घशाचं ऑपरेशन झालंय.' त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि सगळ्या डब्याला सांगून टाकलं, "ह्यांना बोलायला लावू नका रे कुणी." मग खिशावरच्या क्रॉसकडे पाहून हळूच, "फादर का?" मी मान हलवली. त्यानंतर पुण्यापर्यंत माझ्यासाठी चहावाल्याला तेच हाक मारत राहिले.

कर्जतला गाडीच्या मागं जोडइंजिनं लागली. बोरघाटातून १८६३ साली रेल्वे सुरू झाली. चढ इतका की ३७ फुटांना १ फूट वर जावं लागतं, म्हणून पुढचं इंजिन ओढतं आणि मागची ढकलतात. यंदा पाऊस मे महिन्यातच आल्यामुळं घाट आधीच हिरवागार होता. मंकी हिलच्या अलीकडं प्रत्येक बोगद्यातून बाहेर पडलं की नवा धबधबा दिसत होता. कर्जतचा वडापाव मात्र मला अजून चालत नाही, कोरडा घास अडकतो. आजोबांनी त्यांच्या डब्यातला दहीभात पुढं केला, तो मी खाल्ला.

पुणे स्टेशनवर आमच्या चर्चचे वॉचमन छत्री घेऊन उभे होते. रिक्षात त्यांनी एकच वाक्य बोललं, "फादर, बरेच लोक गेले हो ह्या चार महिन्यांत."

शुक्रवार, २० जून

सकाळच्या मिस्सेला मी तरुण फादरांच्या शेजारी सहयाजक म्हणून उभा राहिलो आणि नाश्त्यानंतर आम्ही दोघं ऑफिसात बसलो. चर्चच्या १९८३च्या धर्मसंहितेत ५४०व्या कलमात सांगितलंय की धर्मग्रामाच्या प्रशासकानं काम संपल्यावर प्रमुख धर्मगुरूला हिशोब द्यावा. हे कलम मी सेमिनरीत पाठ केलं होतं. ते किती शहाणपणाचं आहे ते आज टेबलाच्या या बाजूला बसल्यावर कळलं. फादरांनी दानपेटीचा हिशोब, बँकेचं पासबुक, छताच्या गळतीचं कोटेशन, स्मशानाच्या गेटच्या किल्ल्या, सगळं ओळीनं मांडून ठेवलं होतं. वयानं ते माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. एकेक गोष्ट सांगताना "तुम्हांला बदलायचं असेल तर" असं दरवेळी म्हणत होते.

त्यांनी मराठी मिस्सा सातऐवजी आठला केली होती. कारण सरळ आहे. आमची बरीच कुटुंबं अहिल्यानगर जिल्ह्यातून, राहाता-श्रीरामपूरकडून पोटासाठी पुण्यात आलेली, बायका रविवारीही दोन घरची कामं आटपून येतात. आठची वेळ त्यांना सोयीची पडली आणि गर्दी वाढली. मी त्यात काही बदलणार नाही. खरं तर पहिल्या आठवड्यात परतलेल्या धर्मगुरूनं कसलाच बदल करू नये, असं माझं मत आहे. जे चालू आहे ते का चालू आहे हे आधी समजून घ्यावं. आपल्या खुर्चीत दुसरा बसला होता तेव्हा त्याला जे दिसलं, ते आपल्याला दिसलेलं नसतं.

शेवटी नोंदवह्या. स्नानसंस्काराची, लग्नांची, मृत्यूंची. पहिल्या दोन मी भराभर चाळल्या. मृत्यूच्या वहीपाशी थांबलो. फादरांचं अक्षर सुरेख आहे, नाव, वय, तारीख, दफनाची जागा, कुणी विधी केला, सगळं स्वच्छ. ओळखीची नावं एकाखाली एक येत गेली. यातल्या काहींना मी दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरी जाऊन ख्रिस्तप्रसाद देत असे. एक नाव वाचल्यावर वही मिटावी लागली. आमच्या चर्चचा साउंड सांभाळणारे काका. कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यापासून गायकवृंदाच्या मागच्या कोपऱ्यात अँप्लिफायरशेजारी त्यांची खुर्ची असायची, आणि माझा आवाज पडलेला असला की मी सांगायच्या आत ते बटण फिरवायचे. मृत्यू १८ एप्रिल, गुड फ्रायडे. दफन दुसऱ्या दिवशी.

दुपारी फादरांना सुकेळी दिली. संध्याकाळी त्यांना नव्या नेमणुकीवर जायचं होतं, पण पालख्यांमुळं रस्ते बंद होणार म्हणून ते जेवून लगेच निघाले. तरुण मुलांनी त्यांच्या स्कूटरला हार घातला. मी गेटपाशी त्यांचा हात हातात धरून उभा राहिलो. जे म्हणायचं होतं ते गेटवरच्या गलबल्यात म्हणता येण्याजोगं नव्हतं, म्हणून रात्री पत्र लिहिलं.

शनिवार, २१ जून

काकांच्या घरी आधी जायचं, हे कालच ठरलं होतं. पण त्यांच्या पत्नी, आमच्या मावशी, आता त्या घरी नाहीत, मुलीकडे नाना पेठेत राहायला गेल्यात. आणि नाना पेठेत आज पाय ठेवायला जागा नव्हती. तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाच्या देवळात, ज्ञानोबांची भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात, आणि दोन्हींच्या मधल्या गल्ल्यांतून सगळा महाराष्ट्र. रिक्षावाल्यानं कॅम्पातच सोडलं. मी पायी निघालो, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंच आहे.

क्वार्टर गेटजवळ सिटी चर्चमध्ये पाच मिनिटं टेकलो. सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती अधिकाऱ्यांसाठी १७९२ साली जी जागा दिली, तिच्यावर हे चर्च आहे. पुण्यातला पहिला कॅथलिक धर्मग्राम हाच. नव्या विद्यार्थ्यांना पुणे दाखवताना मी नेहमी इथूनच सुरुवात करतो. पेशव्यांच्या राजधानीत आम्हांला मिळालेला हा पहिला पत्ता आहे आणि तो मिळवताना कुणाशी भांडावं लागलं नव्हतं, हे त्यांना ठाऊक असावं असं मला वाटतं.

पुढचा रस्ता मी फार हळू चाललो, कारण घाई करणं शक्यच नव्हतं आणि करावीशीही वाटली नाही. एका वाड्याच्या दारात चुलींवर पिठलं रटरटत होतं आणि भाकऱ्यांची चळत माणसाच्या कमरेपर्यंत आली होती. फुटपाथवर एक न्हावी दाढ्या करत होता, पैसे घेत नव्हता. त्याच्या शेजारी चप्पल-दुरुस्तीचं दुकान मांडलेले काका तुटके अंगठे शिवून देत होते, तेही पैसे घेत नव्हते. एका शाळेच्या पायऱ्यांवर नर्सिंगच्या मुली वारकऱ्यांच्या पायांचे फोड बांधत बसल्या होत्या. पुणेकरांबद्दल लोक काय काय बोलतात. ते बोलणाऱ्यांनी या दोन दिवसांत या पेठांमधून एकदा तरी चालावं. पावसाची सर आली तेव्हा एका अनोळखी बाईनं मला ओट्यावर ओढून घेतलं आणि हातात चहाचा कप दिला. तिला मी वारकरी वाटलो असेन. मी हात जोडले.

मावशी खिडकीपाशी बसल्या होत्या. मला पाहून उठल्या, पदर डोक्यावर घेतला, आणि बराच वेळ नुसतं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "फादर, तुम्ही असता तर माझ्या माणसाला मिस्सा भेटली असती."

हे मला अपेक्षित नव्हतं. काकांचं दफन झालं, बायबलमधली वाचनं झाली, प्रार्थना झाल्या, पण मिस्सा झाली नाही. ती होऊ शकतच नव्हती. गुड फ्रायडे आणि त्यानंतरचा शनिवार, या दोन दिवसांत अख्ख्या जगात कुठंही मृतासाठी मिस्सा होत नाही. प्रभू स्वतः थडग्यात आहे असं मानून त्या दिवशी वेद्या उघड्या ठेवतात, वस्त्रंसुद्धा काढून घेतात. तरुण फादरांनी हे नक्की सांगितलं असणार. पण नवरा सकाळी गेलेला, घर माणसांनी भरलेलं, त्यात कोण काय सांगतंय हे कानांवरून गेलं असेल. मावशींच्या मनात उरलं ते एवढंच, की आपला फादर नव्हता म्हणून आपल्या माणसाची मिस्सा राहिली. दोन महिने त्या हे मनात घेऊन बसल्या होत्या. शेजारणीपाशीही बोलल्या नव्हत्या.

मी सांगायला लागलो. मावशींनी कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोला, फादर, मला ऐकू येत नाही हो आता." आणि मोठ्यानं बोलणं नेमकं मला येत नाही. वही काढली, तर त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय, अक्षर दिसत नाही. खाली रस्त्यावर टाळ-मृदंग चाललेले. आम्ही दोघं एकमेकांसमोर बसून राहिलो.

तेव्हा मुलीचा मुलगा, पाचवीतला, जमिनीवर बसून कसलंसं चित्र रंगवत होता, तो उठला. माझ्या तोंडाजवळ कान आणला आणि म्हणाला, "मला सांगा, मी आजीला सांगतो." मी कुजबुजत एकेक वाक्य बोललो आणि तो आजीच्या कानाशी ओरडून सांगत गेला. "आजी, फादर म्हणतायत, त्या दिवशी पोपसाहेब गेले असते तरी मिस्सा झाली नसती!" हे मी असं म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं की तो नियम लहानमोठ्या सगळ्यांना सारखा आहे. पण आजीला त्याचंच कळलं. त्यांनी मान वर केली. "खरंच? पोपचीसुद्धा नाही?" मुलानं माझ्याकडे पाहिलं, मी होकार दिला. "आजी, खरंच. फादर म्हणतायत, आजोबा येशूच्याच दिवशी गेले, आणि येशूलासुद्धा त्या दिवशी घाईघाईनं पुरलं होतं."

मावशी रडल्या. मग पाणी प्यायल्या, डोळे पुसले आणि सगळं सांगायला बसल्या. गुरुवारी रात्री त्यांनी काय खाल्लं, पहाटे छातीत कसं दुखलं, शेवटी कुणाचं नाव घेतलं. दरवर्षी सप्टेंबरात दोघं हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे पवित्र मरियेच्या, यात्रेला जायचे, यंदा एकटीनं कसं जायचं हेही. मी दीड तास ऐकलं. मधे एकदाही बोलावं लागलं नाही. निघताना मुलाच्या तोंडून सांगितलं, मंगळवारी सकाळी सात वाजता काकांच्या नावे मिस्सा होईल. "सगळ्यांना कळवते," मावशी म्हणाल्या. "गावाकडच्यांनापण."

आपण धर्मगुरू नियम पाळतो, पण नियम कळावा म्हणून वेळेआधी पुरेसं बोलत नाही. उपवासकाळातल्या एखाद्या प्रवचनात हे दोन मिनिटांत सांगता येईल. कुणाच्या घरी मृत्यू झाल्यावर ते सांगायची वेळच येऊ नये. पुढच्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मी हे सांगणार आहे, आवाज असो नसो.

रविवार, २२ जून

आज ख्रिस्ताच्या शरीर-रक्ताचा सोहळा. पहाटेच पालख्या हडपसरकडे निघाल्या. तिथून ज्ञानोबांची दिवे घाटातून सासवडला जाते, तुकोबांची लोणी काळभोरला. सोलापूर रस्त्याकडून येणारी आमची माणसं वारकऱ्यांबरोबर अर्धा रस्ता चालतच चर्चला आली. काही मुली राजगिऱ्याचे लाडू वाटून थेट वेदीजवळ वाचनं करायला उभ्या राहिल्या.

काकांच्या खुर्चीवर कॉलेजात जाणारी एक मुलगी बसली होती. मिस्सेच्या आधी मी तिला तीन वाक्यं बोलून दाखवली, तिनं माइक ओठांना जवळजवळ टेकवला आणि आवाज चढवला. सुरुवात बरी झाली. यंदाचं शुभवर्तमान लूकचं, पाच भाकरी आणि दोन मासे. संध्याकाळ झाल्यावर शिष्य म्हणतात, लोकांना पाठवून द्या, आणि प्रभू म्हणतो, तुम्हीच त्यांना खायला द्या. मी प्रवचन मोजकंच केलं. दोन दिवस या शहरानं काय केलं ते तुम्ही पाहिलंत, कमरेइतकी भाकऱ्यांची चळत तुम्ही पाहिलीत, यातलं किती आपल्या दाराशी होतं ते घरी गेल्यावर एकमेकांना विचारा, एवढंच.

प्रस्तावनेच्या प्रार्थनेला आवाज तुटला. सुरात म्हणायचा माझा हट्ट नव्हता, तरी साध्या बोलण्यातही तो वर गेला आणि फाटला. मी थांबलो. गायकवृंदानं एक क्षणही जाऊ न देता 'पवित्र, पवित्र, पवित्र' उचललं आणि सगळं चर्च त्यात आलं. तेवढ्यात मी श्वास घेतला, खाली हळू स्वरात पुढचं नीट पार पडलं.

महाप्रार्थनेत पोपचं नाव येतं. फेब्रुवारीत याच वेदीवर मी 'फ्रान्सिस' म्हटलं होतं, आज माझ्या लोकांसमोर पहिल्यांदा नव्या पोपांचं नाव, 'लिओ', म्हटलं. पुण्याच्या कॅथलिकांना हे नाव आपलं वाटावं असं आहे. तेराव्या लिओंनी १८८६ साली पुणे धर्मप्रांत स्थापला, आणि १८९३ साली त्यांनीच श्रीलंकेतल्या कँडीला सुरू केलेली पेपल सेमिनरी १९५५ मध्ये नगर रस्त्यावर आली. मी तिथंच शिकलो. त्या नावाच्या पोपसाठी प्रार्थना करत मी कामाला लागेन, असं तेव्हा कोणाच्या मनात आलं असतं!

कप उचलून पिताना हनुवटी खाली घेतली, थेरपिस्टनं शिकवलंय तसं. ठसका लागला नाही. ही मिस्सा मी धर्मग्रामातल्या सगळ्या लोकांसाठी अर्पण केली. दर रविवारी प्रमुख धर्मगुरूनं ती करायचीच असते, पण आज मृत्यूच्या वहीतली नावं मी एका कागदावर लिहून वेदीवर ठेवली होती.

साक्रामेंताची, म्हणजे पवित्र ख्रिस्तप्रसादाची, मिरवणूक रस्त्यावर नेता आली नाही, पाऊस धरून होता. चर्चच्या आतल्या आत फेरी झाली.

सोमवार, २३ जून

शाळा सुरू झाल्यामुळं स्नानसंस्काराच्या दाखल्यांसाठी ऑफिसात रांग. दिवस त्यातच गेला. सकाळी आणि रात्री गळ्याचा व्यायाम, पाण्याच्या ग्लासात नळी घालून बुडबुडे काढत गुणगुणायचं.

मंगळवार, २४ जून

आज संत योहान बाप्तिस्त्याचा जन्मदिन. गोव्याप्रमाणं वसईतही विहिरीत उड्या मारणारी पोरं मला लहानपणापासून आठवतात. पण या वर्षी मला योहानापेक्षा त्याचा बाप जवळचा वाटला. जखऱ्या याजक होता. मंदिरात सेवा करत असताना त्याची वाचा गेली, आणि बाळाचं नाव ठेवायच्या दिवशी पाटी मागवून नाव लिहिलं तेव्हा ती परत आली. शुभवर्तमान वाचताना पाटीच्या ओळीपाशी माझा आवाज जरा सुटल्यासारखा झाला. थेरपिस्ट म्हणते, सकाळी सातला स्वरतंतू जड असतात, तेव्हा बरा आवाज लागला तर ती चांगली खूण समजायची. मी ती तशीच समजलो आणि देवाचे आभार मानले.

मावशी, मुलगी, जावई, नातू पुढच्या बाकावर होते, आणि राहात्याहून पहाटेच्या एसटीनं आलेले काकांचे दोन भाऊ. सोहळ्याच्या दिवशी मृतांसाठीच्या खास प्रार्थना वापरता येत नाहीत, झगाही सणाचा पांढराच घालायचा, पण मिस्सा कुणाच्या नावे अर्पण करायची याला आडकाठी नाही. हे मी सुरुवातीलाच माइकवर सांगितलं. आता मी हे आधी सांगतो. काकांचं पूर्ण नाव दोनदा घेतलं. नातवानं दोन्ही वेळा ते आजीच्या कानात सांगितलं.

मिस्सेनंतर सगळे दफनभूमीत गेलो. पावसानं माती बसून कबर मधे खचली होती. काकांचे भाऊ लगेच दगड बसवायचा म्हणत होते, पैसेही काढून आणले होते. स्मशान सांभाळणाऱ्यानं समजावलं की माती पूर्ण बसल्याशिवाय दगड टेकला तर वर्षभरात कलेल. आत्ता भर घालायची, पावसाळा जाऊ द्यायचा. दगडावर काय लिहायचं यावर थोडी बोलाचाली झाली. मावशींना नावाखाली 'गुड फ्रायडे' लिहून हवंय, नुसती तारीख नको. भावांनी मान्य केलं. दिवाळी झाली की लगेच बसवायचा, म्हणजे २ नोव्हेंबरला सर्व मृतांच्या दिवशी कबरी आशीर्वादित करताना तो तयार असेल. खर्चाचा आकडा जावयानं लिहून घेतला, आणि उद्या दुपारी चारला दोन ट्रॉली मुरूम आणायचं ठरलं.